कबड्डी स्पर्धेला गर्दी येते, पण थांबत नाही: मंडळांनी काय तपासावं, काय बदलावं

तक्रार दरवर्षी तीच असते. उद्घाटनाला मैदान भरलेलं, दुसऱ्या रात्री अर्धं, तिसऱ्या रात्री खेळाडू, पंच आणि मंडळाचे आठ-दहा कार्यकर्ते. अंतिम सामन्याला पुन्हा माणसं दिसतात, पण ती पाहुण्यांबरोबर आलेली असतात आणि पाहुण्यांच्या गाड्यांबरोबरच निघून जातात. नंतरच्या बैठकीत सगळ्यांची वाक्यं पाठ असतात: पोरं मोबाइलमधून डोकं वर काढत नाहीत, प्रो कबड्डीने आपला प्रेक्षक पळवला, आता लोकांना मैदानी खेळाचं वेड राहिलं नाही. उपायही पाठ असतात. पुढच्या वर्षी मालिकेतली एखादी अभिनेत्री आणू, लकी ड्रॉमध्ये मिक्सरऐवजी स्कूटर ठेवू, नाक्यावरचा बॅनर दुप्पट मोठा करू.

मी गुणलेखकाच्या टेबलावर बसतो. तिथून मैदानही दिसतं आणि मैदानाभोवतीची माणसंही. अभिनेत्री आली की गर्दी होते, सेल्फी झाले की ती पांगते. स्कूटरचं कूपन घेतलेला माणूस सोडतीच्या वेळेला येतो, उपउपांत्य सामन्याला नाही. यातलं काहीच कबड्डीच्या कामाचं नाही. आपल्याकडचा मोठा बिघाड घड्याळाचा आहे. कोणता सामना किती वाजता, हे आपण लोकांना सांगत नाही. ते तरीही आले, तर घरी किती वाजता जाता येईल हेही सांगत नाही. बाकीच्या अडचणी आहेतच, पण त्या यानंतरच्या.

आधी मोजा

"गर्दी चांगली होती" हे मोजमाप नव्हे. एका कार्यकर्त्याला एकच काम द्या: सहा, सात, आठ, नऊ आणि दहा वाजता एकाच ठिकाणी उभं राहून चारही बाजूंचा फोटो काढायचा. स्पर्धा संपल्यावर हे फोटो तारखेप्रमाणे आणि तासाप्रमाणे लावून बघा. किती माणसं होती यापेक्षा ती कधी आली आणि कधी उठली, हे बघायचं आहे.

साधारण तीन प्रकार दिसतात. काही ठिकाणी साडेआठपर्यंत खच्चून गर्दी असते आणि साडेनऊनंतर ओहोटी लागते. तिथे वेळापत्रक बिघडलेलं आहे. काही ठिकाणी माणसं येतच नाहीत, तिथे बातमी पोहोचत नाही किंवा तारीख चुकली आहे. आणि काही ठिकाणी फक्त यजमान संघाचा सामना असला की मैदान भरतं आणि तो संघ बाद झाला की रिकामं होतं. हा प्रश्न आपलेपणाचा, आणि तिन्हींत सगळ्यात चिवट. बहुतेक मंडळांत तिन्ही थोडेथोडे असतात. तरीही एका वर्षी एकच बिघाड धरा, नाहीतर काय लागू पडलं ते कळत नाही.

साडेनऊनंतर माणसं उठतात

इथे जरा बेरीज-वजाबाकी करू. पुरुषांचा सामना २०-५-२०, म्हणजे वीस मिनिटांचे दोन डाव आणि मधे पाच मिनिटांचं मध्यंतर, एकूण ४५ मिनिटं. प्रत्येक संघाला प्रत्येक डावात ३० सेकंदांचे दोन टाइमआउट मिळतात. दोन्ही संघांनी सगळे घेतले तर त्यातच चार मिनिटं गेली. नाणेफेक, संघांची ओळख, मॅट पुसणं, कुणाच्या गुडघ्यावर स्प्रे मारणं हे सगळं धरलं की एका सामन्याला एक तास लागतो. कागदावर काहीही लिहा, तास लागतोच.

आता मंडळ काय करतं? बत्तीस संघ घेतं, कारण प्रवेश फी येते आणि "बत्तीस संघांची भव्य स्पर्धा" असं छापता येतं. बाद पद्धतीत बत्तीस संघांचे सामने होतात ३१. मैदानं दोन, दिवस तीन. पहिल्या फेरीचे १६ सामने पहिल्याच रात्री उरकायचे, म्हणजे एका मैदानावर आठ. सहाला सुरू झाले तरी शेवटचा सामना रात्री दोनला संपणार. आणि सहाला सुरू होतात कुठे? मैदान पूजन, नारळ, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, मग "दोन शब्द" बोलायला उभे राहिलेले सहा जण. नमनालाच घडाभर तेल जातं आणि पहिली चढाई साडेसातला होते. ज्याच्या पुतण्याचा सामना भाग्यपत्रिकेत, म्हणजे सामन्यांच्या सोडतीच्या तक्त्यात, "आठ वाजता" लिहिलेला असतो, तो आठला येतो, साडेनऊपर्यंत भलतेच संघ बघतो, बायकोचा दोनदा फोन येतो, आणि तो जातो. पुतण्या सव्वाअकराला खेळतो. दुसऱ्या दिवशी काका फिरकतही नाही.

त्यात कायदा आहेच. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातल्या मोजक्या दिवसांना बारापर्यंत सूट मिळते, पण ती सण-उत्सवांसाठी जाहीर होते. आपली स्पर्धा त्यात बसेलच असं नाही. दहानंतर माइक बंद झाला की उरलेले सामने मुक्याने चालतात आणि थांबलेली माणसंही उठतात. डिसेंबर-जानेवारीत उघड्यावर मॅट टाकली असेल तर दहा-अकरानंतर दव पडायला लागतं, चढाईपटूचे बूट सरकतात, प्रत्येक सामन्यात खेळ थांबवून पुसापुशी. म्हणजे रात्री दहा ही आपली खरी सीमारेषा. तिच्या आत जे बसेल तेवढंच घ्यायचं.

दोन मैदानं, सहा ते दहा, तासाला एक, म्हणजे एका संध्याकाळी आठ सामने. हे पक्कं धरा आणि मग संघ ठरवा. माझ्या मते गावच्या किंवा वॉर्डातल्या स्पर्धेला बारा संघ पुष्कळ झाले. तीन-तीन संघांचे चार गट केले तर गटसाखळीचे १२ सामने, मग चार उपउपांत्य, दोन उपांत्य, एक अंतिम, असे एकूण १९. पहिल्या संध्याकाळी आठ, दुसऱ्या संध्याकाळी आठ, तिसऱ्या संध्याकाळी तीन. तिसऱ्या दिवशी एकच मैदान ठेवा, सगळ्या खुर्च्या त्याच्याभोवती. सहा आणि सातला उपांत्य सामने, मग आठला मुलींचा १५-५-१५ चा प्रदर्शनीय सामना म्हणजे अंतिम फेरीतल्या संघांना दम घेता येतो, आणि नऊला अंतिम सामना. दहाला बक्षीस हातात.

प्रवेश फी कमी येईल, हे खरं. तो खड्डा कसा भरायचा ते खजिनदाराने आधीच बघावं. पण रात्री एक वाजता रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळवलेल्या सामन्यांवर वीज, मंडप, पंचांचं मानधन आणि चहा किती जातो, तेही त्याच कागदावर लिहावं.

गटसाखळीचा आणखी एक फायदा आहे. बाद पद्धतीत यजमान संघ पहिल्याच रात्री हरला की गल्ली घरी जाते. गटात त्याला किमान दोन सामने मिळतात. पहिल्या संध्याकाळी आठचा एक आणि दुसऱ्या संध्याकाळी सातचा एक, असे लावले तर दोन्ही दिवस आपली माणसं येणार हे नक्की. काही मंडळं यजमान संघाला मुद्दाम सगळ्यात शेवटी ठेवतात, लोक थांबतील म्हणून. लोक थांबत नाहीत. चिडतात.

उशिरा येणारे संघ हे दुसरं दुखणं. नोकरदार खेळाडू ड्युटी संपवून येतात, गाडी अडकते, एक खेळाडू "पाच मिनिटांत पोचतोय" म्हणतो आणि ती पाच मिनिटं अर्धा तास होतात. यावर औषध एकच: वेळेनंतर किती मिनिटं थांबायचं ते प्रवेश अर्जावरच छापा, आणि तेवढी मिनिटं झाली की समोरच्या संघाला पुढे चाल. पहिल्या वर्षी एका बऱ्यापैकी संघाला बाद करावं लागेल आणि त्या दिवशी पुष्कळ फोन येतील. अध्यक्षांनी तेव्हा फोन बंद ठेवावा. जिल्हा संघटनेची मान्यता असेल आणि पंच त्यांचे असतील तर हे काम सोपं जातं. निर्णय पंचप्रमुखांचा, मंडळाचा नव्हे.

आणि सत्कार. यावर मंडळात खरी भांडणं होतात, म्हणून जरा सविस्तर. वर्गणी देणाऱ्या माणसाला मान हवा, त्यात गैर काही नाही. पण सामना थांबवून, दोन्ही संघांना रांगेत उभं करून, साहेबांनी चौदा जणांशी हात मिळवायचे, मग फोटो, मग फोटोग्राफर म्हणतो "साहेब, पुन्हा एकदा", यात एका संध्याकाळी तासभर सहज जातो. सत्कार मध्यंतरात ठेवा. पाच मिनिटं मिळतात, पाच मिनिटांत दोन सत्कार होतात, आणि पंचाची शिटी वाजली की माइक निवेदकाकडे परत. साहेबांना हे पटवणं अवघड नाही. सहा वाजता तुमच्यासमोर पन्नास माणसं असतील, साडेआठच्या मध्यंतरात पाचशे, कोणती वेळ देऊ, एवढंच विचारायचं. या प्रश्नाला "सहा" असं उत्तर देणारा पुढारी मी अजून पाहिलेला नाही.

प्रो कबड्डीने प्रेक्षक पळवला, या म्हणण्यातलं खरं-खोटं इथेच सापडतं. २०१४ साली ती स्पर्धा सुरू झाली आणि लोकांना घरी बसून कबड्डी दिसायला लागली. पण टीव्हीने प्रेक्षकाला एक सवयही लावली: सामना ठरलेल्या वेळेला सुरू होतो आणि तासाभरात संपतो. ज्यांनी आधी कधी कबड्डी बघितली नव्हती अशा बायका-पोरांनाही आता चढाई, पकड, बोनस कळतं. हा तयार झालेला प्रेक्षक आहे. तो आपल्या मैदानावर येऊन दीड तास भाषणं ऐकणार नाही, एवढंच.

माणसं येतच नाहीत

आपल्या स्पर्धेचा बॅनर एकदा परक्या माणसाच्या नजरेने बघा. वर देवाचा फोटो, मग थोर पुरुष, मग मोठे साहेब, त्यांच्याखाली मधले साहेब, दोन्ही कडांना पासपोर्ट आकाराचे तीस-चाळीस चेहरे, मधे "भव्य दिव्य", आणि सगळ्यात खाली मुंगीच्या अक्षरांत तारीख. कोण कुणाशी खेळणार, किती वाजता, हे कुठेच नाही. खेळाडूचा फोटो तर नाहीच.

तो बॅनर काढून टाका असं मी म्हणत नाही. त्याचं काम वेगळं आहे आणि त्याचे पैसेही वेगळ्या खिशातून येतात. मोबाइलवर पाठवायला मात्र वेगळं चित्र करा. रोज सकाळी एक: आजचे सामने, वेळ, मैदान, आणि आपल्या एका खेळाडूचा मोठा फोटो, खाली त्याच्या वाडीचं किंवा चाळीचं नाव. रात्री निकाल लागला की गुणांसह दोन ओळी: मध्यंतराला किती, शेवटी किती, कोणाच्या चढाया चालल्या, कोणाच्या पकडी. लगेच खाली उद्याची वेळ. ज्याच्या घरचा पोरगा त्यात आहे तो ते चित्र शंभर जणांना पाठवतो. वेळ चुकली असेल तर मात्र हेच चित्र आपल्याला महागात पडतं, म्हणून आधी घड्याळ आणि मगच जाहिरात.

तारखांबद्दल थोडक्यात. बारावी-दहावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. ज्या घरात परीक्षा आहे ते घर मैदानावर येत नाही आणि शेजाऱ्यालाही माइकचा आवाज नको असतो. मार्चअखेर ते मे आयपीएल, संध्याकाळी साडेसातला. लग्नाच्या तिथी पंचांगात बघा, गावच्या जत्रेची तारीख पुजाऱ्याला विचारा, शेजारच्या मंडळाची स्पर्धा कधी ते त्यांच्याच सेक्रेटरीला विचारा. एकाच आठवड्यात तीन मैलांत दोन स्पर्धा लावून दोन्हीकडे अर्धी गर्दी, हा आपला नेहमीचा कारभार. कोकणात शिमगा आणि मे महिना सोडू नका, चाकरमानी तेव्हाच गावी असतो.

माणसं येतात, पण त्यांना काही दिसत नाही

हा बिघाड सगळ्यात स्वस्तात दुरुस्त होतो आणि तरीही वर्षानुवर्षं तसाच राहतो. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब, १० मीटर रुंद. खेळ उत्तम दिसतो तो लांब बाजूने, मध्यरेषेच्या समोरून. आणि नेमक्या त्याच जागी आपण काय ठेवतो? व्यासपीठ. त्यावर सोफे, सोफ्यांपुढे टीपॉय, टीपॉयवर पाण्याच्या बाटल्या आणि पुष्पगुच्छ. साहेब येऊन गेल्यावर सोफे रात्रभर रिकामे, आणि तिकीट नसूनही सगळ्यात चांगली जागा कुणालाच मिळत नाही. व्यासपीठ अंतिम रेषेच्या मागे न्या. लांब बाजूला गुणलेखकाचं टेबल राहू दे, ते ठेंगणं असतं. पुढच्या दोन रांगा सतरंजीवर मुलांना द्या, मागे खुर्च्या, त्यामागे उभे राहणारे. पोरं खाली बसली की मागच्याला दिसतं, आणि पोरं ओरडली की खेळाडूंना चढतं.

गुणफलक दोन्ही लांब बाजूंनी दिसला पाहिजे. इलेक्ट्रॉनिक नसेल तर पाट्या बदलणारा मुलगा चालेल, पण त्याचं लक्ष हवं. मैदानावर २१-१९ चाललंय आणि फलकावर अजून १७-१६, म्हणजे नुकताच आलेला माणूस गोंधळतो आणि ज्याला चुरस कळली नाही तो बसत नाही.

निवेदक हा तर अर्धा खेळ. दुर्दैवाने आपण तो निवडतो आवाजावरून. चांगला आवाज असलेला गृहस्थ ऐन चढाईत सांगतो, "आत्ताच आपल्यामध्ये आगमन झालेलं आहे…" आणि त्याच क्षणी कोपऱ्यातला पोरगा घोटा धरतो, मैदान उसळतं, निवेदकाला पत्ताच नाही. त्याला चार गोष्टी लिहून द्या. प्रत्येक चढाईआधी चढाईपटूचं नाव आणि तो कुठला. प्रत्येक चढाईनंतर गुण. तिसरी चढाई असेल तर ठणकावून सांगायचं की मागच्या दोन रिकाम्या गेल्यात, आता गुण नाही आणला तर हा बाद. आणि समोर तीन किंवा कमी खेळाडू उरले असतील तर आता पकड झाली की जादा गुण आहे, हेही. एवढ्यावर पहिल्यांदा आलेल्या मावशींनासुद्धा सामना कळतो. लोण चढला, म्हणजे समोरचा अख्खा संघ बाद झाला, की दोन जादा गुण का मिळाले, ते एकदा सांगितलं की त्या शेजारणीला समजावतात. आगमन, आभार, हरवलेली किल्ली, चुकीच्या जागी लावलेली मोटारसायकल, सगळं मध्यंतरात.

मैदानावर आपलं कोणी नाही

इथे उपाय सांगणं सोपं नाही, म्हणून बिघाड नीट बघू.

कोल्हापूरचं फुटबॉल घ्या. छत्रपती शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम असा सामना लागला की पेठांमध्ये सकाळपासून दुसरा विषय नसतो. कोल्हापुरातल्या पोराला तालीम निवडावी लागत नाही, ती त्याला जन्माने मिळते. आजोबा ज्या पेठेचे, तोच संघ. तिथे प्रेक्षक कसे आणायचे हा प्रश्न संयोजकांना पडत नाही. आलेल्या प्रेक्षकांची हुल्लडबाजी कशी आवरायची हा पडतो, आणि तो सोपा नाही. बायका-मुलांनी सामन्याला यावं असं वाटत असेल तर ती बाजू आपण घेऊ नये. संघाचं नाव म्हणजे राहत्या जागेचं नाव, ही बाजू मात्र जरूर घ्यावी.

मुंबईत गिरणगावात हेच होतं. लालबाग, परळ, प्रभादेवी, करी रोडच्या चाळींत मंडळं होती, पाळी सुटलेला कामगार मैदानाच्या कडेला उभा राहायचा, गॅलरीतून बायका बघायच्या. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, गिरण्या बंद पडत गेल्या, चाळींचे टॉवर झाले, आणि जो प्रेक्षक चप्पल घालून खाली उतरत होता तो डोंबिवलीला, विरारला, बदलापूरला गेला. मंडळ जागेवर आहे, मैदान कसंबसं जागेवर आहे, माणूस नाही. अशा मंडळाने बुधवारी रात्री अकराचा सामना लावून गर्दीची वाट बघू नये. शनिवारी पाचला सुरू करा, साडेनऊला संपवा, जुन्या रहिवाशांना शेवटच्या कर्जत लोकलच्या आधीची चांगली गाडी मिळू द्या. त्यांचे नंबर गोळा करायला निमित्त लागतं. १५ जुलै हा कबड्डीचे संघटक बुवा साळवी यांचा जन्मदिवस कबड्डी दिन म्हणून पाळतात. पावसाळ्यात मैदान बंद असतं, त्या दिवशी जुन्या खेळाडूंना चहाला बोलवा आणि वही पुढे करा.

आता कडू भाग. जिंकण्यासाठी आपण बाहेरचे खेळाडू आणतो. जर्सीवर मंडळाचं नाव, आतला पोरगा तीन जिल्हे पलीकडचा, बिदागी घेऊन आलेला, उद्या दुसऱ्या जर्सीत. संघ जिंकतो आणि गल्ली टाळ्या वाजवत नाही. कुणासाठी वाजवणार? चषक कपाटात गेला, आणि राखीव खुर्चीवर बसलेला आपला पोरगा पुढच्या मोसमात टेनिस क्रिकेटकडे गेला. मी बाहेरच्या खेळाडूंच्या विरोधात नाही, एखाददुसरा चांगला चढाईपटू आला की पोरं शिकतात. पण सातांत किमान चार आपले हवेत, आणि ते चार मैदानात हवेत, राखीव बाकावर नकोत. दोन वर्षं हराल. हरणाऱ्या आपल्या पोरांना बघायला माणसं येतात. जिंकणाऱ्या परक्यांना बघायला येत नाहीत.

लगेच गुण देणारा एक उपाय आहे: छोट्यांचे सामने. पहिल्या मोठ्या सामन्याआधी, साडेपाचला, जवळच्या शाळांच्या चौदा वर्षांखालच्या मुला-मुलींचे दहा-दहा मिनिटांचे दोन डाव. प्रत्येक पोराबरोबर आई, आजी, एखादी आत्या येते, आणि सहाला पहिला मोठा सामना सुरू झाला की त्या बसलेल्याच असतात. शाळेच्या क्रीडाशिक्षकांना महिनाभर आधी भेटा, आदल्या दिवशी नव्हे. मुलांना जर्सी देता आली नाही तरी चालेल, पण निवेदकाने प्रत्येकाचं नाव घेतलंच पाहिजे.

बायका का थांबत नाहीत

कारण तिथे शौचालय नसतं. याहून मोठं कारण शोधत बसू नका. फिरतं शौचालय भाड्याने मिळतं. ते उजेडात ठेवा, पाणी आहे की नाही हे बघायला एक बाई कार्यकर्ती नेमा, आणि दारूच्या वासाची मंडळी त्या बाजूला फिरकणार नाहीत एवढा बंदोबस्त ठेवा. एका बाजूच्या पूर्ण दोन रांगा महिलांसाठी राखा. मैदानापासून रस्त्यापर्यंत दिवे लावा. खाण्याचा स्टॉल बचत गटाला द्या. त्यांच्याही घरची माणसं येतात आणि वडापाव बरा मिळतो.

आणि मुलींचा संघ काढा. २०१२ मध्ये पाटण्याला महिलांचा पहिला विश्वचषक भारताने जिंकला तेव्हा त्या संघात महाराष्ट्राच्या तिघी होत्या, अभिलाषा म्हात्रे, सुवर्णा बारटक्के आणि दीपिका जोसेफ. तरीही पुष्कळ मंडळांत मुलींचा सामना म्हणजे पाहुणे येईपर्यंतचा वेळकाढूपणा. त्याला संध्याकाळी साडेसातची भरगर्दीची वेळ द्या आणि काय होतं ते फोटोंत बघा.

यूट्यूबमुळे लोक घरी बसतात का?

थोडे बसतात. पण थेट प्रक्षेपण बंद करून ते मैदानावर येणार नाहीत. जे बघतात त्यांतले बरेच जण गावाबाहेरचे असतात, आणि तेच वर्गणी पाठवतात. प्रक्षेपण ठेवा, मध्यंतरात पुढच्या सामन्याची वेळ पडद्यावर दाखवा. वादाच्या निर्णयाला तेच चित्रण पंचांना उपयोगी पडतं का, हे जिल्हा संघटनेच्या पंचांशी स्पर्धेआधी बोलून ठेवा. पंचाला घेराव घालून वीस मिनिटं खेळ बंद पडला की त्या वीस मिनिटांत उठलेली माणसं परत येत नाहीत. पंचाशी फक्त कर्णधार बोलेल, आणि कठड्याच्या आत समर्थक आला तर त्या संघाचा सामना जाईल, हेही अर्जावर छापा.

स्पर्धा तीन आठवड्यांवर आली असेल तर

संघ घेऊन झालेत, फी जमा झाली आहे, बॅनर छापले आहेत. मग सगळं बदलता येणार नाही. तीन गोष्टी मात्र जमतात. भाग्यपत्रिकेत प्रत्येक सामन्यापुढे वेळ लिहा, एका तासाला एक सामना या हिशेबाने, आणि जे दहाच्या आत बसत नाहीत ते रविवारी सकाळी आठला घ्या. सकाळी ऊन कोवळं असतं, मॅट कोरडी असते आणि पोरांना सुट्टी असते. उद्घाटन पाचला ठेवा, कोणी येवो न येवो. आणि व्यासपीठ बाजूला सरकवा; मंडपवाल्याला आजच फोन केला तर तो जादा पैसे मागणार नाही, बांबू ठोकल्यावर मागेल.

चौथी गोष्ट म्हणजे घड्याळ सांभाळणारा माणूस. तो अध्यक्ष नको, सेक्रेटरी नको, आणि ज्याला निवडणुकीला उभं राहायचं आहे असा तर मुळीच नको. ज्याला "नाही" म्हणता येतं आणि ज्याच्यावर साहेब रागावले तरी त्याचं काही बिघडत नाही, असा. निवृत्त शिक्षक किंवा एसटीचा जुना वाहतूक नियंत्रक मिळाला तर उत्तम. त्याच्या हातात वेळापत्रक, शिटी आणि माइक बंद करण्याचा अधिकार द्या, आणि हा अधिकार दिल्याचा ठराव बैठकीच्या वहीत लिहून त्यावर सगळ्यांच्या सह्या घ्या.